शून्य टक्क्यांचा दलाल

नीलकंठराव अकोटकरांनी आयुष्यात टेंडर न काढता केलेली मोठी गोष्ट एकच, ती म्हणजे लग्न. बाकी सगळं नियमानं. रायपूरला रेल्वेच्या भांडार विभागात चौतीस वर्षं त्यांनी टेंडरच्या टेबलावर काढली होती आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते टेबल त्यांच्या अंगातून निघालं नव्हतं. घरात साधा पंखा घ्यायचा तरी तीन दुकानांची लेखी कोटेशनं मागवली जात. ती येईपर्यंत उन्हाळा संपत असे. लग्नाचंच तेवढं राहून गेलं, असं ते पाहुण्यांसमोर गमतीनं म्हणत. "माझ्या बापानंही एकच कोटेशन घेतलं न जी, म्हणून तर फसला," असं शारदाबाई आतून सांगत. पाहुणे हसत आणि नीलकंठराव हसल्यासारखं करत.

तर अशा माणसाला घर विकायचं होतं.

घर तात्यापाऱ्यात, पारा म्हणजे तिकडचा मोहल्ला, तिथं पहिल्या मजल्यावर. वडिलांनी वाटणी केली तेव्हा खालचा मजला थोरल्याला गेला आणि वरचा यांना. थोरल्यानं खालचा मजला शंकर बॅगवाल्याला विकला आणि नागपूर गाठलं. तेव्हापासून खाली शाळेच्या बॅगा आणि सुटकेसा, वर अकोटकर. बाजूच्या बोळातून वर यायला एकोणीस पायऱ्यांचा जिना, तोही असा उभा की दुधाची पिशवी घेऊन चढणारा माणूस वर येऊन आधी श्वास घेई आणि मग दूध देई.

शारदाबाई हा जिना गेल्या चौदा महिन्यांत एकदाही उतरल्या नव्हत्या. दोन्ही गुडघे गेले होते. ऑपरेशन करावं, तर डॉक्टरांनी हृदयाकडं बोट दाखवून मान हलवली होती. शेवटच्या खेपेला एक्स-रे काढायला जायचं होतं तेव्हा नीलकंठरावांनी जुन्या ओळखीनं स्टेशनवरून दोन हमाल आणले. हमालांनी बाईंना खुर्चीसकट उचललं आणि सामान उतरवावं तसं खाली उतरवलं. चौकातली माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघत राहिली. त्या दिवशी संध्याकाळी शारदाबाईंनी सांगून टाकलं, "मले पुन्हा कोनी उचलायचं नाही." त्यानंतर त्या गॅलरीत बसून रस्ता पाहू लागल्या. मराठी मंडळाचं हळदीकुंकू, भाजीबाजार, देऊळ, सगळं गॅलरीच्या कठड्यापाशी संपलं.

जूनमध्ये त्यांची मैत्रीण गोदूताई जिना चढून आली. पुरानी बस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, ओट्यावरून एक पाऊल टाकलं की गल्ली. नवरा गेल्यावर ती मुलाकडं बिलासपूरला निघाली होती. "शारदे, गिऱ्हाईक तर लागूनच आहे. पन हे घर तुले भेटलं तर मले बरं वाटंल. दसऱ्यापर्यंत थांबतो मी. दसऱ्याले बयाना दे, नाही तर मंग माह्या हातात नाही." शारदाबाईंनी त्या ओट्याबद्दल तिला तीनदा विचारलं. पायरी नाहीच ना एकही? नाहीच. उंबरठा आहे, बोटभर.

हिशोब सोपा होता. हे घर विकलं की गोदूताईला बयाना, म्हणजे विसार, देऊन ते घर घ्यायचं. त्यासाठी हवा होता एक दलाल. आणि दलाल निवडायचा म्हटल्यावर नीलकंठरावांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तेज आलं.

"अहो, फोन करा न कोनाले तरी," शारदाबाई म्हणाल्या. "पाऱ्यात दहा जण आहेत."

"म्हणूनच," नीलकंठराव म्हणाले. "दहा आहेत म्हणूनच पद्धत पाहिजे. उद्या कोनी म्हनलं की अकोटकरनं ओळखीचा दलाल धरला, तं?"

कोण म्हणणार होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं लेखापरीक्षण करणारं आता या पृथ्वीवर कोणी उरलं नव्हतं, पण सवयीला औषध नाही.

मसुदा बनवायला त्यांना तीन आठवडे लागले. अकरा अटी होत्या. पानभर व्याख्या होत्या, त्यात "घर म्हणजे काय" हेही सांगितलेलं होतं. फॉर्मची किंमत वीस रुपये, अनामत पाचशे, दर सीलबंद लिफाफ्यात. ही नोटीस त्यांनी जिन्याच्या तोंडाशी चिकटवली, चौकातल्या चहावाल्याकडं लावली आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. तिथं दोघांनी अंगठा दाखवला आणि एकानं गणपतीच्या वर्गणीची आठवण केली.

खालच्या शंकर बॅगवाल्याला मात्र नोटिशीची प्रत गेली नाही. त्याच्याशी आठ वर्षांपासून बोलणं बंद होतं. अकोटकरांच्या न्हाणीघरातून पाणी झिरपलं आणि ऐन शाळा उघडायच्या वेळी त्याच्या चाळीस बॅगांना बुरशी लागली, एवढंच झालं होतं. शंकर वर येऊन मोठ्यानं बोलला आणि नीलकंठरावांनी खाली जाऊन मोठ्यानं बोलण्याऐवजी रजिस्टर पोस्टानं उत्तर पाठवलं. मग शंकरनंही रजिस्टर पोस्ट धरलं. तेव्हापासून वरच्या मजल्याचं पत्र पोस्टात जाऊन, पोस्टातून फिरून, चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावर येई. पोस्टमनला वाटे, या दोन मजल्यांच्या मध्ये बहुतेक एखादं राज्य लागतं.

नोटीस वाचून सात दलालांनी फॉर्म नेले. चार जण फॉर्म वाचून पुन्हा दिसले नाहीत. आठवी आली सोनिया, फॉर्म न नेताच. बीरगांवची, चाळिशीची, स्कूटर चौकात लावून तरातरा जिना चढली आणि वर येऊन थांबली. तिनं आधी जिन्याकडं वळून पाहिलं, मग घर पाहिलं, मग गॅलरीत बसलेल्या शारदाबाईंकडं.

"आंटी, आखरी बार नीचे कब गई थीं?"

"चौदा महिने झाले, बाई," शारदाबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं, तरी पटकन उत्तर देता आलं याचं त्यांना नवल वाटलं.

"और नीचे दुकान किसकी है?"

"ते टेंडरच्या कक्षेत येत नाही," नीलकंठराव मध्ये पडले. "तुमचा लिफाफा?"

"लिफाफा-विफाफा मैं नहीं देती, अंकल. दो परसेंट आपसे, दो परसेंट लेने वाले से. सामने बोलती हूँ. काम नहीं हुआ तो एक पैसा नहीं."

"दोन्हीकडून?" नीलकंठरावांचा आवाज चढला. "आनि तेही तोंडी?"

सोनियानं खांदे उडवले, शारदाबाईंच्या फोनमध्ये आपला नंबर घालून दिला आणि पाणी पिऊन गेली. नीलकंठरावांनी वहीत नोंद केली: एक महिला, निविदा विहित नमुन्यात नाही, अपात्र.

लिफाफे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी उघडले, सकाळी अकरा वाजता, दिवाणखान्यात, निविदाकारांच्या उपस्थितीत. शारदाबाईंनी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभं राहून सगळ्यांसाठी पोहे केले. दुर्गहून मुलगी आली होती, अनुश्री. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी येते. तिनं एक नजर टाकून म्हटलं, "पापा, ये घर बेच रहे हो या पुल बनवा रहे हो?" नीलकंठरावांनी तिला उपस्थितांच्या यादीत निरीक्षक म्हणून सही करायला लावली.

पहिला लिफाफा यशदीप नावाच्या तरुणाचा. दीड टक्का, शिवाय ड्रोननं घराचा व्हिडिओ. दुसरा चौकातल्या पानठेलेवाल्याचा. त्यानं लिहिलं होतं, "एक परसेंट अउ चाय-पानी." चाय-पानी म्हणजे नेमकं किती, असं नीलकंठरावांनी विचारलं, तेव्हा तो छत्तीसगढीत म्हणाला, "हव, जतका आपमन के श्रद्धा." श्रद्धेला तक्त्यात रकाना नव्हता. तिसरा लिफाफा भार्गवचा. परीटघडीचा शर्ट, हातात दोन फोन, कार्डावर होम सोल्युशन्स. त्याच्या लिफाफ्यात एकच अंक होता. शून्य.

नीलकंठरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर शून्य दर कधी आला नव्हता.

"विकणाऱ्याकडून एक पैसा घेत नाही, काका," भार्गव म्हणाला. तो मराठीत बोलला, हे त्याचं दुसरं भांडवल. "आपला मानूस म्हनून."

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून शारदाबाई म्हणाल्या, "फुकट कोन काहून राबंल? त्याचं पोट कशावर भरून राहिलं ते तं विचारा."

"ते विचारायचं नसते. सगळ्यात कमी दर, त्याले काम. नियम आहे."

हा नियम नीलकंठरावांनी जन्मभर पाळला होता. एकदा या नियमानं झाडू घेतले होते. सगळ्यात कमी दरवाल्यानं जे झाडू पुरवले त्यांना दांडा होता, काड्या नव्हत्या. सफाईवाल्यांनी ते अंगणात आपटले, मोठा गदारोळ झाला, चौकशी बसली. चौकशीअंती निघालं काय, तर फाईलमध्ये एकही चूक नव्हती. नीलकंठराव ही गोष्ट अभिमानानं सांगत. स्टेशन तेवढे महिने कशानं झाडलं, हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही.

भार्गवला दिवाळीपर्यंतचं नेमणूकपत्र गेलं. तुलनात्मक तक्ता फाईलला लागला. अकरा रकान्यांचा तक्ता, लाल शाईत रेघा मारलेला, बघत राहावा असा. दलालाचा अनुभव होता, वय होतं, वाहन कोणतं तेही होतं. हे घर कशासाठी विकायचं आहे आणि कधीपर्यंत, याचा रकाना तेवढा नव्हता.

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. भार्गव कामाचा होता, हे मान्य करायला हवं. आठवड्याला दोन-तीन जण आणी. फक्त तो कोणाच्या बाजूनं बोलतो, हे नीलकंठरावांना काही केल्या उमगेना. गिऱ्हाईक वर येऊन धापा टाकू लागलं की भार्गवच आधी म्हणे, "सीढ़ी का तो प्रॉब्लम है ही." गिऱ्हाइकाला न दिसलेली भेग तो बोटानं दाखवी. मग जाताना नीलकंठरावांना बाजूला घेऊन सांगे, "काका, थोडा खाली या. आजकाल मार्केट बसलं आहे." पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी दोन लाख खाली, दुसऱ्याच्या वेळी चार.

"हा आपला दलाल आहे की त्यांचा?" नीलकंठराव एका संध्याकाळी वैतागून म्हणाले.

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी," शारदाबाई म्हणाल्या. "तुम्ही पोळीच नाही दिली. मंग तो टाळी तुमची काहून वाजवंल?"

हे नीलकंठरावांना समजलं, पण पटवून घेता आलं नाही. पटलं असतं तर अकरा रकाने पाण्यात गेले असते. त्यांनी भार्गवला कलम सातचा हवाला देऊन एक खुलासापत्र पाठवलं. भार्गवनं उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवलं.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. पंधरा दिवस कोणी घर पाहायला येईना, की भार्गव फोन उचलेना. गोदूताईचा मात्र फोन येई. आधी दोन दिवसांनी येई, मग रोज. दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन तयार होतं. शारदाबाई फोनवर "हो, हो, होऊन राहिलं" म्हणत आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन बसत. जेवणाकडं त्यांचं लक्ष लागेना. नीलकंठरावांना हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण दिसलं की ते उठून फाईल काढून बसत. फाईलीत सगळं व्यवस्थित होतं, तेवढाच धीर वाटे.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी भार्गव पराग आणि निधी या जोडप्याला घेऊन आला. पराग बँकेत होता. त्यांचं आधीच ठरल्यासारखं दिसत होतं, कारण निधी पडद्यांची मापं घेत होती. परागची आई खाली गाडीतच बसून होती. जिना बघून तिनं देवीचं नाव घेतलं होतं आणि दार लावून घेतलं होतं.

"अंकल, घर अच्छा है," पराग म्हणाला. "लेकिन मम्मी चढ़ नहीं पाएगी. आठ लाख कम करो तो मैं सोचूँ. नीचे कहीं उनके लिए किराये का कमरा ले लूँगा."

"आठ बरोबर आहे, काका," भार्गव म्हणाला. "जिनाच तसा आहे."

नीलकंठरावांनी सकाळीच मनात हिशोब करून ठेवला होता. आठ लाख कमी झाले तर गोदूताईचं घर हातचं जात होतं. आता जीव कासावीस झाला आणि तोंडातून निघून गेलं, "जिन्याले काय झालं? आमच्या हिचे गुडघे दुखतात, तरी ते दिवसातून दोनदा चढते-उतरते. काही नाही होत."

आतल्या खोलीत पलंग करकरला. शारदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातानं पदर खोचलेला.

"दोनदा होय?" त्या म्हणाल्या. "थांबा. दाखवतो यायले."

"अवं, काय करून राहिली तू?"

शारदाबाई भिंत धरत जिन्यापर्यंत गेल्या, पाठमोऱ्या वळल्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. मग हातावर भार देऊन एक पायरी खाली. पुन्हा टेकल्या. पुन्हा हात टेकवून खाली. लहान मूल उतरतं तशा, पण मूल हसतं, या ओठ दाबून उतरत होत्या. परागनं मोबाईल खिशात टाकला. निधीनं मापाची पट्टी गुंडाळली. नीलकंठराव मागून दोन पायऱ्या उतरले आणि त्यांनी हात पुढं केला.

"हात नका धरू," शारदाबाई न वळता म्हणाल्या. "तुमची फाईल धरा."

फाईल खरोखरच त्यांच्या काखेत होती. त्यांना इतकी लाज वाटली की फाईल कुठं ठेवावी तेही सुचेना. हा जिना त्यांनी जन्मभर वापरला होता, दिवसातून चार-चारदा. तो इतका उभा आहे, हे त्यांना बायकोच्या पाठीमागं उभं राहून पहिल्यांदा दिसलं. खालून नवव्या पायरीवर त्या थांबल्या, कपाळाचा घाम पदरानं टिपला आणि गुडघ्यावर हात ठेवून जरा बसल्या. भार्गवनं दोन्ही फोन बंद केले, त्याच्या हिशोबानं ही फार मोठी गोष्ट होती. मग त्या पुन्हा उतरू लागल्या.

खाली बोळाच्या तोंडाशी शंकर बॅगवाला स्टूल घेऊन उभा होता. त्यानं काही न विचारता स्टूल ठेवलं आणि पोऱ्याला न सांगता स्वतः पाणी आणलं. गाडीतली परागची आई काच खाली करून शारदाबाईंकडं बघत राहिली, आणि मग मुलाला म्हणाली, "चल बेटा, घर चल." पराग गेला, निधी गेली. भार्गवही कोणाला तरी फोन लावत गेला.

शारदाबाई दोन ग्लास पाणी प्यायल्या. रस्त्याकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. गॅलरीतून जो रस्ता दिसत होता तो हाच, पण माणसांचे चेहरे आता समोरून दिसत होते.

"चल, हळूहळू वर जाऊ," नीलकंठराव म्हणाले.

"मी आता वर येत नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे येत नाही. गोदूकडं जातो. घर विकलं गेलं तं तिथंच राहीन, नाही विकलं गेलं तं दसऱ्यानंतर पाहू. वर नाही येत."

नीलकंठरावांना वाटलं, अर्ध्या तासाचा राग आहे. पण शारदाबाईंनी तिथंच बसून सोनियाला फोन लावला. सोनिया ई-रिक्षा घेऊन आली. बाईंना बसवून पुरानी बस्तीत सोडून आली, आणि परत आली तेव्हा वर न चढता शंकरच्या दुकानात शिरली. नीलकंठराव गॅलरीतून बघत होते. ती तासभर बाहेर आली नाही.

पुढचे दोन दिवस नीलकंठरावांनी एकट्यानं काढले. साखर कुठं ठेवलेली असते हे कळायला एक दिवस गेला. सोनियाला आपण कसलाही अधिकार दिलेला नाही, असं पत्र त्यांनी लिहायला घेतलं, आणि ते तिला कोणत्या पत्त्यावर पाठवायचं हे माहीत नसल्यानं तिथंच ठेवलं. अनुश्रीचा फोन आला. "पापा, मम्मी वापस नहीं आने वाली. जो करना है जल्दी करो," एवढं बोलून तिनं ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी सोनिया जिना चढून आली.

"शंकर भैया ऊपर वाला ले रहे हैं. गोदाम के लिए. अभी उनका माल बीरगांव में पड़ा रहता है, किराया अलग, टेम्पो अलग. आपका भाव, बस पचास हजार कम. बॅगों को सीढ़ी से कोई तकलीफ नहीं होती, अंकल."

नीलकंठराव खुर्चीत मागं टेकले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो नियम. "भार्गवचं नेमणूकपत्र दिवाळीपर्यंत आहे. त्याले नुकसानभरपाई..."

"कितना परसेंट था उसका?"

"शून्य."

"तो शून्य दे दो," सोनिया म्हणाली.

तरी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. आठ वर्षांचं वैर होतं, चाळीस बॅगांचा प्रश्न अजून निकाली निघालेला नव्हता, शिवाय दोन टक्के. पण संध्याकाळी ते शारदाबाईंच्या गोळ्या द्यायला म्हणून पुरानी बस्तीत गेले. गल्लीच्या वळणावरच थबकले. शारदाबाई ओट्याखाली, गल्लीत उभ्या होत्या, एक हात भिंतीला. समोर भाजीची हातगाडी. त्या एकेक भेंडी मोडून बघत होत्या आणि भाजीवाला तक्रार करत होता. "अम्मा, पूरा ठेला तोड़ोगी क्या?" त्या म्हणाल्या, "सतरा महिन्यांची राहिली आहे मोडायची," आणि आणखी एक मोडली. भाजीवाल्याला काही समजलं नाही. नीलकंठरावांना समजलं आणि डोळे भरून आले. ते पुढं न जाता वळले आणि चौकातून सोनियाला फोन लावला.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी गोदूताईच्या ओट्यावर सगळा कारभार झाला. शंकरनं वरच्या मजल्याचा बयाना दिला, त्यातून गोदूताईला या घराचा बयाना गेला. रजिस्ट्री दिवाळीआधी. आठ वर्षांनी नीलकंठराव आणि शंकर समोरासमोर बसले. दोघांनी एकमेकांच्या हातावर दसऱ्याचं सोनं म्हणून सोनपत्ती ठेवली. मग शंकर म्हणाला, "भैया, मैं तो दो साल से जगह ढूँढ रहा था. मेरे सर पर ही तो बैठा था मेरा गोदाम." नीलकंठराव म्हणाले, "मले पत्र टाकायचं होतं न." शंकर म्हणाला, "डाकिए ने मना कर दिया."

शंकर गेला, गोदूताई आत गेली. शारदाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. सोनिया समोर उभी राहून आपल्या दोन टक्क्यांची वाट बघत होती. शंकरकडून तिचे दोन टक्के आधीच पोचले होते. नीलकंठरावांनी चेकबुक काढलं, पेनचं टोपण काढलं आणि त्यांना राहवेना.

"मी देऊन राहिलो, नाही म्हनत नाही," ते बायकोला म्हणाले. "पन तूच सांग. हे दोन टक्के नेमके कशाचे? ड्रोन नाही, जाहिरात नाही, गिऱ्हाईक शोधायले गावभर फिरली नाही. आपल्या खाली बसलेल्या मानसाले जाऊन विचारलं, घेतो का म्हनून. एवढ्याचे दोन टक्के?"

शारदाबाईंनी गुडघ्यावरून हात काढला.

"एवढंच होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आनि तुमचे गुडघे तं धडधाकट होते न जी. मंग तुम्हीच काहून नाही उतरले?"

नीलकंठरावांनी चेकवर तारीख घातली. मग खाली मान घालून त्यांनी सोनियाला तिचं पूर्ण नाव विचारलं.